स्नायूंचे कार्य पुन्हा शिकताना

फिजिओथेरपीच्या पदवी अभ्यासक्रमात शरीररचनाशास्त्र पहिल्या वर्षी येते आणि त्याच वर्षी त्याची परीक्षाही होऊन जाते. प्रत्येक स्नायूचे ओरिजिन (उगम), इन्सर्शन (जोडणीची जागा), नर्व्ह सप्लाय (मज्जातंतूचा पुरवठा) आणि ॲक्शन (कार्य) असे चार रकाने आखलेले तक्ते आम्ही वसतिगृहाच्या भिंतींवर चिकटवले होते, आणि पुढे इंटर्नशिपमध्ये व त्यानंतर तालुक्याच्या गावी रुग्ण तपासताना तेच तक्ते डोक्यात ठेवून मी काम केले. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या रुग्णाचे मांडीच्या पुढचे क्वाड्रिसेप्स स्नायू कमकुवत आहेत हे ओळखून त्यासाठी व्यायाम द्यायला तो तक्ता पुरतो. परंतु काही रुग्ण असे येत की तपासणीत ज्या स्नायूत जवळजवळ जोर नाही असे दिसे, त्याचे काम चालताना मात्र कसे तरी पार पडत असे. आणि काहींचे सर्व स्नायू पूर्ण जोराचे असूनही पाऊल टाकताना त्यांचे धड एका बाजूला कलत असे. या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी मी मस्क्युलोस्केलेटल (स्नायू, हाडे आणि सांध्यांची) फिजिओथेरपी हा विषय घेऊन नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला, आणि तेथे मला त्या तक्त्यातला चौथा रकाना मुळापासून नव्याने शिकावा लागला. स्नायू कुठून निघतो आणि कुठे जोडलेला असतो हे ठरलेले असते. तो काय करतो हे मात्र त्या क्षणी सांधा कोणत्या कोनात आहे, स्नायूचे कोणते टोक स्थिर आहे, शरीराचा भार कुठून खाली जातो आहे आणि शेजारचे स्नायू काय करत आहेत, यांवर ठरते. माझ्या पदव्युत्तर अभ्यासाचा जवळजवळ सगळा काळ हे एक विधान निरनिराळ्या मार्गांनी समजून घेण्यात गेला.

जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाने आम्हाला खांदा आणि खुबा या दोन भागांचे विच्छेदन स्वतःच्या हातांनी करू दिले, ही माझ्या दृष्टीने संपूर्ण अभ्यासक्रमातली सर्वांत मोलाची संधी होती. पदवीच्या वेळी आधीच विच्छेदन करून ठेवलेले नमुने आम्ही टेबलाभोवती दाटीने उभे राहून पाहिले होते. आमच्यासमोरचा देह देहदानातून आलेला होता. मृतदेह शिक्षणासाठी मिळण्याची कायदेशीर चौकट आपल्या राज्यात १९४९ च्या ॲनाटॉमी ॲक्टने घालून दिली असली, तरी स्वतःच्या इच्छेने देह देणारी माणसे आणि ती इच्छा पूर्ण करणारे त्यांचे कुटुंबीय यांच्यावाचून आमचे शिक्षण झाले नसते, ही जाणीव काम करताना सतत मनात राहत असे. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले होते, “नावे तुम्हाला येतात, ती सांगू नका. तंतू कोणत्या दिशेने चालले आहेत ते बोटाने दाखवा.”

खांद्याचे विच्छेदन मला आजही टप्प्याटप्प्याने आठवते. खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू गळपट्टीच्या हाडापासून आणि ॲक्रोमिअनपासून, म्हणजे पात्याच्या वरच्या टोकापासून, सोडवून खाली उलटवला की त्याच्या आतल्या अंगाला ॲक्झिलरी नर्व्ह (मज्जातंतू) दंडाच्या हाडाला वळसा घालून आलेली दिसते, आणि त्याच्या खालचा बर्सा (घर्षण कमी करणारी पिशवी) हा ओलसर, बोटाखाली सरकणारा एक पातळ पापुद्रा असल्याचे कळते. त्यानंतर ॲक्रोमिअन करवतीने कापून बाजूला केले तेव्हा सुप्रास्पायनेटस पूर्ण लांबीने उघडा पडला. तक्त्यात सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे रोटेटर कफचे, म्हणजे खांद्याच्या सांध्याला वेढणाऱ्या गटाचे, चार स्वतंत्र स्नायू असतात, आणि खांद्याच्या पात्यावर ते खरोखरच स्वतंत्र दिसतात. दंडाच्या हाडाकडे जाताना मात्र सुप्रास्पायनेटस आणि इन्फ्रास्पायनेटस यांची टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) एकमेकांत अशी मिसळतात की शेवटच्या टप्प्यात सुरीला त्यांच्यामधली सीमा सापडत नाही. मी ती शोधत राहिले तेव्हा मॅडमनी हात थांबवायला सांगितले. खाली सांध्याच्या कॅप्सूललाही (आवरणालाही) ही टेंडन चिकटलेली असतात, त्यामुळे समोर दिसते ते विणीच्या एका पट्ट्यासारखे असते. त्यातला एक धागा ओढला तर ताण सगळ्या पट्ट्यात पसरतो.

या निरीक्षणाला पुस्तकांबाहेर पुष्टी मिळाली ती संशोधन लेखांमधून. टेंडन एकमेकांत गुंफलेली असतात हे १९९२ मध्ये क्लार्क आणि हॅरिमन यांनी सविस्तर दाखवले होते, आणि २००८ मध्ये जपानमधील संशोधकांनी मोठ्या संख्येने खांद्यांचे विच्छेदन करून दाखवून दिले की दंडाच्या हाडाच्या ज्या उंचवट्यावर सुप्रास्पायनेटसची मोठी जागा आहे असे सगळीकडे शिकवले जाते, तिथे त्याची जागा पुष्कळ लहान असून इन्फ्रास्पायनेटसने त्यातला मोठा भाग व्यापलेला असतो. मानवी शरीररचनेत आता नवे काही उरलेले नाही, असे जे सर्वसाधारणपणे मानले जाते, ते या एका उदाहरणानेच खोटे ठरते. दवाखान्यातही याचा थेट परिणाम होतो. हात खांद्याच्या उंचीवर धरून, अंगठा जमिनीकडे वळवून केली जाणारी ‘एम्प्टी कॅन’ चाचणी ही फक्त सुप्रास्पायनेटसची चाचणी म्हणून आम्ही शिकलो होतो. परंतु स्नायूंची विद्युत क्रिया मोजली असता त्या स्थितीत खांद्याभोवतीचे इतर अनेक स्नायूही तितक्याच जोराने काम करताना आढळतात. सुप्रास्पायनेटस हात उचलण्याचे पहिले १५ अंश करतो आणि पुढचे काम डेल्टॉइड करतो, हे पाठ केलेले वाक्यही असेच सोडून द्यावे लागले, कारण दोन्ही स्नायू सुरुवातीपासून एकत्र काम करतात. डेल्टॉइड दंडाचे हाड वर ओढतो आणि कफचे स्नायू त्याच वेळी हाडाचे डोके उथळ खोबणीत दाबून धरतात, म्हणूनच डोके वर न सरकता जागेवर फिरते.

फॉर्मॅलिनने टिकवलेल्या देहाची एक मर्यादा आहे. त्याचे सांधे ताठ होतात आणि स्नायूंची लवचीकता जाते, त्यामुळे रचना दिसली तरी हालचाल दिसत नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने टिकवलेले देह मऊ राहतात, परंतु आमच्याकडे ती सोय नव्हती. त्यामुळे हालचालीचा अभ्यास आम्ही एकमेकांवर केला. एकीच्या पाठीवर खांद्याच्या पात्याची आतली कड आणि खालचे टोक पेन्सिलने आखायचे, तिने हात सावकाश वर न्यायचा आणि दर ३० अंशांना थांबून पुन्हा आखायचे. हात १८० अंश वर जातो तेव्हा साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश पात्याच्या फिरण्यातून मिळतात, हे दोनास एक असे प्रमाण १९४४ मध्ये इनमन, सॉन्डर्स आणि ॲबट यांनी मांडले. आमच्या पाठींवर ते सरासरीने जुळले, परंतु पहिल्या ३० अंशांत प्रत्येकीचे पाते आपापल्या पद्धतीने वागत होते. हे पाहिल्यावर फ्रोझन शोल्डरच्या (आखडलेल्या खांद्याच्या), विशेषतः मधुमेह असलेल्या, रुग्णांकडे पाहण्याची माझी पद्धत बदलली. हात किती वर गेला हे मोजण्याआधी मी पाठीमागे उभी राहून पाते कधी हलायला लागते ते पाहते, कारण सांधा आखडलेला असेल तर पाते अगदी सुरुवातीलाच उचलले जाते आणि केवळ कोन मोजणाऱ्याला हात बरा होतो आहे असे वाटू शकते.

शरीरक्रियाशास्त्राचा भाग आम्हाला सुरुवातीला कोरडा वाटला, पण तो तसा राहिला नाही. स्नायू आकुंचन पावताना त्याच्या तंतूंमधले सूक्ष्म धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी मांडले. ॲन्ड्र्यू हक्सली व निडरगेर्के हा एक गट आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन हा दुसरा. १९६६ मध्ये गॉर्डन, हक्सली आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या एकेका स्नायुतंतूवर प्रयोग करून दाखवले की सार्कोमिअरची, म्हणजे तंतूतल्या आकुंचन पावणाऱ्या सर्वांत लहान घटकाची, लांबी सुमारे २.० ते २.२ मायक्रोमीटर असताना जोर सर्वाधिक मिळतो आणि सुमारे ३.६५ मायक्रोमीटरला तो शून्यावर येतो, कारण तेथे धाग्यांची एकमेकांवरची व्याप्तीच संपते. या आलेखाचा अर्थ आमच्या सरांनी प्रत्येकाच्या हातावर दाखवला. मूठ घट्ट आवळायची आणि ती तशीच ठेवून मनगट तळहाताच्या बाजूला शक्य तेवढे वाकवायचे. मूठ सैल पडते, कितीही जोर लावला तरी. बोटे वाकवणारे स्नायू मनगटही ओलांडतात, त्यामुळे दोन्हीकडे वाकवल्यावर ते इतके आखूड होतात की त्यांच्यात जोर उरत नाही, आणि उलट बाजूचे स्नायू ताणले जाऊन बोटे उघडतात. स्नायूचा जोर ही एक ठरावीक संख्या नसते, ती सांध्याच्या कोनासोबत बदलते, हे वहीतल्या आलेखापेक्षा त्या मुठीने अधिक पक्के केले.

स्नायूच्या आतील तंतूंच्या मांडणीचा अभ्यास मला सर्वांत जास्त आवडला. मांडीतला सार्टोरियस हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू आहे; त्याचे तंतू लांब आणि समांतर असल्याने तो पुष्कळ आखूड होऊ शकतो, पण त्याचा जोर बेताचाच असतो. पोटरीतला सोलिअस याच्या उलट आहे. त्यात आखूड तंतू तिरपे आणि दाटीने बसवलेले असतात, त्यामुळे तो फारसा आखूड होत नाही, परंतु शरीर तोलून धरण्याइतका जोर देतो. कण्याजवळच्या मल्टिफिडस स्नायूबद्दल २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत असे आढळले की त्याच्या तंतूंची लांबी अशी आहे की पुढे वाकल्यावर त्याचा जोर वाढतो, म्हणजे कण्याला आधाराची गरज जिथे जास्त तिथेच तो अधिक समर्थ होतो. कंबरदुखीच्या रुग्णाला पुढे वाकायला सरसकट मनाई करणाऱ्या सल्ल्याचा फेरविचार करायला मला या लेखाने भाग पाडले.

यानंतर बायोमेकॅनिक्समध्ये (शरीराच्या हालचालींच्या यांत्रिकीत) जे आले त्याने माझ्या मूळ प्रश्नाला हात घातला. खुर्चीवरून उठताना खुबा आणि गुडघा दोन्ही सरळ व्हावे लागतात. मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग खुबा सरळ करतात पण गुडघा वाकवतात; मांडीच्या पुढचा रेक्टस फेमोरिस गुडघा सरळ करतो पण खुबा वाकवतो. तक्त्याप्रमाणे हे दोघे एकमेकांचे विरोधक आहेत, तरीही उठताना दोन्ही एकदम काम करतात. वॉरन लोम्बार्ड यांनी १९०३ मध्ये दाखवलेला हा पेच त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याची उकल तरफेच्या लांबीत, म्हणजे सांध्यापासून ओढीच्या रेषेच्या अंतरात, आहे: हॅमस्ट्रिंगची तरफ खुब्याशी मोठी आणि गुडघ्याशी लहान, तर रेक्टस फेमोरिसची गुडघ्याशी मोठी आणि खुब्याशी लहान, म्हणून दोघांच्या बेरजेतून दोन्ही सांधे सरळच होतात. याहून पुढची गोष्ट झायाक आणि गॉर्डन यांनी १९८९ मध्ये मांडली, ती अशी की स्नायू ज्या सांध्याला ओलांडतही नाही त्या सांध्यालाही तो हलवू शकतो. सोलिअस गुडघ्याच्या खाली सुरू होऊन टाचेला जोडलेला आहे. पाऊल जमिनीवर टेकलेले असताना तो आकुंचन पावला की नडगीचे हाड मागे खेचले जाते, आणि मांडी व धड वर असल्यामुळे गुडघा सरळ होतो.

आमच्या बाह्यरुग्ण विभागात लहानपणी पोलिओ झालेले एक मध्यमवयीन काका येत. त्यांच्या उजव्या क्वाड्रिसेप्समध्ये बोटाला जाणवेल इतकीच हालचाल होती. तरीही ते मांडीवर हात न टेकता उभे राहत आणि सपाट जमिनीवर चालत. त्यांची टाच किंचित उचललेली होती आणि पोटरी चांगली भरलेली होती. पाऊल टेकताच पोटरी नडगीला मागे धरून ठेवी, धड किंचित पुढे झुके आणि शरीराच्या भाराची रेषा गुडघ्याच्या पुढून गेल्यामुळे गुडघा मोडत नसे. अशा रुग्णाची आखडलेली टाच केवळ सरळ दिसावी म्हणून ताणून किंवा शस्त्रक्रियेने सैल करू नये, हा नियम अस्थिरोग विभागातील ज्येष्ठ डॉक्टरांना पोलिओच्या काळापासून माहीत आहे, आणि त्यामागचे कारण मला त्या दिवशी पूर्ण कळले. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला, त्यामुळे पुढच्या विद्यार्थ्यांना असे रुग्ण कमी पाहायला मिळतील ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्याकडून शिकण्यासारखे जे आहे ते मात्र आजच नोंदवून ठेवायला हवे.

खुब्याचे गणित आम्ही वहीत मांडले. ६० किलो वजनाची व्यक्ती एका पायावर उभी राहिली की त्या पायाचे वजन वगळून साधारण ५० किलोंचा भार खुब्यावर येतो. तो भार सांध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर आतल्या बाजूला असतो, तर श्रोणी आडवी धरून ठेवणाऱ्या ग्लुटिअस मिडिअसची तरफ सुमारे ५ सेंटिमीटरच असते. त्यामुळे स्नायूला १०० किलोंइतके बल लावावे लागते आणि सांध्यावर दोन्हींची बेरीज, म्हणजे १५० किलो, शरीराच्या वजनाच्या अडीच पट, येते. हे ढोबळ गणित आहे, परंतु जर्मनीत बर्गमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजयंत्र बसवलेल्या कृत्रिम खुब्यांच्या साहाय्याने चालताना जो भार मोजला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केला, तो सरासरीने वजनाच्या २३८ टक्के होता. धड दुखऱ्या बाजूला कलवून चालणारा, सर्व स्नायू पूर्ण जोराचे असलेला रुग्ण नेमके काय करत असतो, हे इथे उलगडते. तो भाराची तरफ आखूड करून सांध्यावरचा दाब कमी करत असतो. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात का धरायची, हेही याच गणितातून निघते. हात सांध्यापासून दूर असल्यामुळे काठीवर टाकलेले पाच-सहा किलोही स्नायूचे काम जवळजवळ निम्म्यावर आणतात. आपल्याकडे बहुतेक वृद्ध काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात, आणि त्यांना ती बाजू बदलायला सांगून, दोन फेऱ्या मारायला लावून, फरक त्यांच्याच तोंडून ऐकणे हे माझ्या कामातले मला अतिशय प्रिय झालेले काम आहे.

प्रबंधासाठी मी उकिडवे बसण्याचा विषय घेतला. पाठ्यपुस्तकांत गुडघा वाकण्याची सामान्य मर्यादा १३५ ते १४० अंश दिलेली असते, आणि ती खुर्ची वापरणाऱ्या समाजांतील मोजमापांवर आधारलेली आहे. भांगलण करताना, चुलीपुढे बसताना, भारतीय पद्धतीच्या शौचालयात गुडघा १५० अंशांपलीकडे वाकावा लागतो. तितक्या वाकात मांडीच्या हाडाचा बाहेरचा गोलवा नडगीवर बराच मागे सरकतो आणि नडगी आत वळते, शिवाय मांडी आणि पोटरी एकमेकांवर टेकल्यामुळे भाराचा काही भाग त्या मांसल भागातून जातो व सांध्यावरचा ताण हलका होतो. शेतात काम करणाऱ्या स्त्रियांचे मोजमाप मी एका गावातल्या अंगणवाडीच्या खोलीत, आडोसा करून, घेतले. गोनिओमीटरचा (सांध्याचा कोन मोजणाऱ्या यंत्राचा) मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक भुजा खुब्याच्या बाजूच्या हाडाकडे आणि दुसरी घोट्याकडे धरायची असते. साडीतून खुब्याचे हाड चाचपून शोधणे, आणि पूर्ण बसल्यावर मांडी-पोटरीच्या चिमटीत यंत्राची भुजा हाडाच्या रेषेत ठेवणे, यासाठी मार्गदर्शकांनी माझ्याकडून महिनाभर सराव करून घेतला व दोन तपासणाऱ्यांची मोजमापे जुळतात हे सिद्ध झाल्यावरच पुढे जाऊ दिले. बहुतेक जणींचा गुडघा पुस्तकी मर्यादेच्या बराच पुढे वाकत होता. घोटा पुरेसा वाकत नसलेल्या काही जणी टाच उचलून बसत आणि त्यांचा भार पुढच्या पावलावर जाई.

गुडघ्याच्या दुखापतीनंतर १३५ अंश मिळाले की रुग्ण बरा झाला असे कागदावर लिहून मोकळे होता येते. परंतु त्या कोनावर थांबलेली शेतमजूर बाई कामावर परत जाऊ शकत नाही, आणि तिच्या घरात खुर्चीही नसते. म्हणून आता पहिल्या भेटीतच मी घरी जेवायला कसे बसता, शौचालय कोणत्या पद्धतीचे आहे, शेतात कोणती कामे करता, जिने किती चढता हे विचारते, आणि उपचाराचे उद्दिष्ट असलेला कोन त्या उत्तरांवरून ठरवून रुग्णाच्या कार्डावर लिहिते.